स्वयंचलित गिअरमधील विद्युद्दोष : निदान आणि दुरुस्ती

(ज्ञातिसंमेलनात दिलेले व्याख्यान)



संमेलनाच्या व्याख्यानासाठी मोटारगाडीच्या गिअरचा विषय घ्यावा, ही कार्यकारी मंडळाची सूचना ऐकून मला प्रथम नवल वाटले. वसतिगृह, शिष्यवृत्ती, वधूवर परिचय हे आपल्या संमेलनाचे नित्याचे विषय. परंतु थोडा विचार करता ही निवड योग्यच आहे असे माझ्या मनाने घेतले. आपली ज्ञाती पिढ्यान्‌पिढ्या लोखंड आणि लाकूड यांवर जगत आली. बैलगाडीच्या चाकाला धाव चढवावयाची तर आपल्याच माणसाला बोलवावे लागे. धाव भट्टीत लाल करून चाकावर बसवावयाची, वरून पाणी ओतावयाचे, आणि आकसलेल्या लोखंडाने लाकूड मगरमिठीत धरले की गाडी चार वर्षे निर्धास्त. उष्णतेने धातू प्रसरण पावतो, हे आपल्या आजोबांना शाळेच्या पुस्तकावाचून ठाऊक होते. त्यांचे नातू आज नांदेड आणि लातूर येथील गॅरेजांतून पाना हाती धरून उभे आहेत. मात्र ज्या यंत्रापुढे ते उभे आहेत त्याने आता आपले रूप पालटले असून, पान्याइतकीच मीटरची गरज उत्पन्न झाली आहे. हे ज्याने ओळखले नाही त्याच्या हातून गिऱ्हाइकाचे नुकसान होते, आणि त्याच्या मागोमाग त्याचे स्वतःचेही होते. आजच्या विषयाचे प्रयोजन एवढेच.

इतिहास थोडक्यात सांगतो. आपला हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानाने १९३२ साली २७ मोटारींनिशी सरकारी बसवाहतूक सुरू केली. त्या काळच्या ड्रायव्हरला गिअर बदलणे म्हणजे एक कसरतच असे. पुढे १९३९ साली अमेरिकेत ओल्डस्मोबील गाडीला हायड्रामॅटिक नावाचा पूर्ण स्वयंचलित गिअर मिळाला. त्याचा सगळा कारभार तेलाच्या दाबावर चाले. विजेचा संबंध नसल्यासारखाच. विजेने या घरात खरा पाय रोवला तो १९८० नंतरच्या दशकांत. आणि आपल्याकडे स्वयंचलित गिअर मध्यमवर्गीयाच्या दारात आला तो २०१४ साली, मारुतीच्या सेलेरिओ गाडीबरोबर. त्यापूर्वी ती बड्या लोकांची चैन होती. आज लोहा, अहमदपूर, चाकूर येथील शिक्षकांच्या आणि दुकानदारांच्या अंगणातही तशी गाडी उभी दिसते.

स्वयंचलित गिअर हा एकाच जातीचा नाही, हे प्रथम ध्यानी घ्यावे. सेलेरिओसारख्या स्वस्त गाड्यांत गिअरबॉक्स साध्या गाडीचाच असतो. फक्त क्लच दाबण्याचे आणि दांडा हलविण्याचे काम माणसाऐवजी एक यंत्र करते. ते यंत्र काही गाड्यांत तेलाच्या दाबाने चालते, काहींत विजेच्या मोटारींनी. दुसरी जात टॉर्क कन्व्हर्टरची, तीत इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये तेल हेच मध्यस्थ असते. तिसरी पट्टा आणि कमीजास्त होणाऱ्या पुल्यांची, जिला बाजारात सीव्हीटी म्हणतात. चौथी दुहेरी क्लचची. या चारींची हाडे निराळी आहेत. परंतु मज्जातंतू म्हणाल तर चौघांचे जवळजवळ सारखे, आणि आपल्याला आज मज्जातंतूंचाच विचार करावयाचा आहे.

जुन्या गावगाड्याची उपमा घेतली तर ही रचना चटकन समजते. गावात वर्दी आणणारा जागल्या असे, निर्णय घेणारा कारभारी असे आणि प्रत्यक्ष राबणारे गडी असत. गिअरबॉक्समधील सेन्सर हे जागले होत. आत येणारा दांडा किती वेगाने फिरतो, बाहेर जाणारा किती वेगाने फिरतो, तेल किती तापले आहे, चालकाने दांडा कोणत्या खुणेवर ठेवला आहे, ब्रेकवर पाय आहे किंवा नाही, या वार्ता ते अखंड पाठवितात. गिअरचा संगणक, ज्याला कारागीर टीसीएम म्हणतात, हा कारभारी. आणि सोलेनॉइड, म्हणजे विजेने उघडमीट होणाऱ्या तेलाच्या झडपा, हे गडी. या सर्वांना जोडणाऱ्या तारा, कनेक्टर, फ्यूज आणि अर्थ हे गावातले रस्ते. माझा अनुभव असा की, बहुतेक तंटे रस्त्यावरचे असतात. आणि आपण मात्र शिक्षा कारभाऱ्याला किंवा गड्याला करतो.

वार्ता जुळेनाशी झाली की कारभारी सावध पवित्रा घेतो. तो सोलेनॉइडचा पुरवठा तोडतो आणि यंत्राला एकाच ठराविक गिअरमध्ये ठेवतो. पुष्कळ चार गतींच्या गाड्यांत हा तिसरा गिअर असतो. यालाच लंगडी चाल म्हणावे. गाडी निघताना जड वाटते, वेग धरत नाही, समोर दिवा पेटतो. मालक घाबरतो, आणि गॅरेजमध्ये जाताच त्याच्या कानी वाक्य पडते, “गिअरबॉक्स गेला.” ही लंगडी चाल म्हणजे गिअरबॉक्सचे मरण नव्हे. ते त्याने स्वतःच्या रक्षणासाठी घेतलेले व्रत आहे, आणि पुष्कळदा हे व्रत चार स्क्रूंनी सुटते.

हा प्रकार केवळ आपल्या खेड्यापाड्यांत घडतो असे कोणी समजू नये. १९८९ साली फेरारी कंपनीने शर्यतीच्या गाडीत विजेने चालणारा गिअर प्रथम आणला. शर्यतीपूर्वीच्या चाचण्यांत ती गाडी पुनःपुन्हा बंद पडे आणि सारे जग नव्या गिअरला नावे ठेवी. अखेर शोध लागला तो असा की, इंजिनाच्या कंपनामुळे अल्टरनेटरचा पट्टा निसटत होता आणि गिअरला वीजच पुरत नव्हती. त्याच गाडीने ब्राझीलमधील पहिली शर्यत जिंकली. जगातील नामांकित इंजिनिअर जेथे प्रथम गिअरकडे बोट दाखवितात, तेथे आपल्या पोरांनी तसे केले तर नवल ते काय? परंतु त्या मंडळींनी शोध सोडला नाही, हेही त्याच गोष्टीत आहे.

आता निदानाकडे वळू. निदानाचा आरंभ मीटरने होत नाही, प्रश्नांनी होतो. जुने वैद्य नाडीला हात लावण्यापूर्वी रोग्याला बोलते करीत. दोष गाडी थंड असताना येतो की तापल्यावर? पाऊस पडल्यावर येतो काय? गाडी धुतल्यानंतर आला काय? अलीकडे बॅटरी बदलली, पाठीमागचा कॅमेरा किंवा गाण्याची पेटी बसविली, इंजिनाचे काही काम केले? गाडी बंद करून पुन्हा चालू केल्यास दोष नाहीसा होतो काय? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आले, तर दोष विजेचा असण्याचा संभव पुष्कळ वाढतो. याउलट इंजिन नुसते गुरगुरते आणि गाडी ओढत नाही, तेल काळे पडून त्याला जळका वास येतो, आणि संगणकात कसलीच नोंद नाही, तर आतील क्लचच्या चकत्या झिजल्याची शंका घ्यावी. तेथे मीटर घेऊन बसण्यात अर्थ नाही.

येथे एक हकीगत सविस्तर सांगतो. अहमदपूर तालुक्यातील एका गृहस्थांचा डावा पाय लहानपणी पोलिओने गेला. क्लचविना चालणारी गाडी ही त्यांना चैन नव्हे, तो त्यांचा पायच. तीच गाडी चालवून ते आठवड्यातून दोनदा वृद्ध आईला डायलिसिससाठी लातूरला नेत. जुनी, चार गतींची, टॉर्क कन्व्हर्टरची गाडी. ती संध्याकाळी परत येताना लंगडू लागली. सकाळी बरी असे. एका शहरातील गॅरेजने गिअरबॉक्स बदलण्याचा खर्च लाखावर सांगितला. घरातील दागिने मोडावयाचे ठरले होते. मधल्या काळात आईला नेण्यासाठी भाड्याची जीप करावी लागे, आणि दोन खेपा तर चुकल्याच. या उपचारात खेप चुकणे म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी असा रोगी आहे त्यांना सांगावयास नको.

गाडी माझ्याकडे आली तेव्हा संगणकात दोन नोंदी होत्या. एक आतील वेगाच्या सेन्सरची, दुसरी एका सोलेनॉइडची. एकाच दिवशी दोन निरनिराळी माणसे आजारी पडली तर वैद्य पाणी तपासतो. तद्वत् दोन असंबद्ध भागांनी एकाच वेळी तक्रार केली की त्यांच्यात समान काय आहे ते पाहावे, आणि समान असते ती वीज आणि अर्थ. मी त्यांना विचारले, “स्टार्टर कसा फिरतो?” ते म्हणाले, “जरा जड फिरतो, पण बॅटरी नवी आहे.” नवी बॅटरी आणि जड स्टार्टर, या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत.

मीटर व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीला आणि दुसरे थेट गिअरबॉक्सच्या उघड्या धातूला लावले. इंजिन चालू, दिवे, पंखा, वातानुकूलन सारे चालू. येथे मीटरने एक दशांश, फार तर दोन दशांश व्होल्ट दाखवावा. दाखविला नऊ दशांश. म्हणजे बॅटरीपासून इंजिनाकडे जाणाऱ्या अर्थच्या रस्त्यात कोठेतरी अडथळा होता. खाली शिरून पाहिले, तो मागे कधी इंजिन उतरविले असता अर्थची जाड पट्टी पुन्हा बसविताना रंगावरच बसविली होती, आणि बोल्टाखाली गंज धरला होता. अल्टरनेटर इंजिनावर असतो. दिवे आणि पंखे यांचा प्रवाह त्याच सांध्यातून अल्टरनेटरकडे परततो. सकाळी दिवे बंद म्हणून अडथळा जाणवत नसे. संध्याकाळी दिवे लागताच ओढ वाढे आणि गिअरबॉक्सच्या धातूची पातळी डळमळे. मग सेन्सरची बारीक वार्ता कारभाऱ्याला विकृत ऐकू येई. रंग खरडून धातू उघडा केला, नवा लग दाबून बसविला, वर व्हॅसलीनचा हात फिरविला. नऊ दशांशाचे अर्धा दशांश झाले. खर्च काही शेकड्यांत. गाडी पुढील खेपेला आईला घेऊन लातूरला गेली.

ही एक कसोटी आमच्या प्रत्येक उमेदवार मुलाला पाठ असावी, असे मी आग्रहाने सांगतो. तिला व्होल्टेज ड्रॉप म्हणतात. तिच्यासाठी काहीही खोलावे लागत नाही आणि दोन मिनिटे पुरतात.

तिच्या आधी बॅटरीची विचारपूस व्हावी. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर भरलेल्या बॅटरीने सुमारे १२.६ व्होल्ट दाखवावेत; स्टार्टर फिरताना ते साडेनऊच्या खाली जाऊ नयेत; इंजिन चालू असता साधारणतः १३.८ ते १४.५ असावेत. नव्या गाड्यांत संगणक हा आकडा मुद्दाम खालीवर करतो, तेव्हा त्या गाडीचे पुस्तक पाहावे. अल्टरनेटरचा एखादा डायोड गेला असेल तर सरळ विजेत उलटसुलट लहरी मिसळतात आणि वेगाचे सेन्सर भलतेच आकडे सांगू लागतात. मीटर एसीवर ठेवून बॅटरीवर मोजावे. अर्ध्या व्होल्टाच्या वर लहरी दिसल्या तर गिअरला हात न लावता अल्टरनेटर उतरवावा.

त्यानंतर स्कॅनर. गाडीच्या डॅशखाली सोळा खुंट्यांचे खण असते. भारतात पहिल्या पायरीची ही स्वयंनिदान पद्धत २०१० पासून आणि दुसऱ्या पायरीची २०१३ पासून गाड्यांना लागू झाली. नोंदी पाहताच पुसून टाकण्याची खोड पुष्कळांना असते, ती सोडावी. प्रथम वहीत उतरून घ्यावे. पी ०७०० ही नोंद दिसली तर तिचा अर्थ एवढाच की गिअरच्या संगणकाकडे तक्रार आहे, आत जाऊन वाचा. ती तक्रार नव्हे, तक्रारीची पाटी आहे. पी ०७०५ म्हणजे दांड्याच्या जागेचा सेन्सर, पी ०७१५ आतील वेगाचा, पी ०७२० बाहेरील वेगाचा, पी ०७५३ पहिल्या सोलेनॉइडचे विद्युन्मंडळ. यू ०१०१ आली तर गिअरचा कारभारी इतरांशी बोलतच नाही असे समजावे. बाजारात काही शेकड्यांत मिळणारी यंत्रे बहुधा इंजिनाच्या नोंदी वाचतात आणि गिअरच्या वाचत नाहीत. त्यांनी “नोंद नाही” म्हटले म्हणजे गाडी निर्दोष ठरत नाही. आणखी असे की, नोंदीत सेन्सरचे नाव आले म्हणजे सेन्सर बदलावा, हा तर्क चुकीचा. नोंद मंडळाची असते. मंडळात सेन्सर आहे, तार आहे, कनेक्टर आहे आणि संगणकही आहे.

सोलेनॉइड म्हणजे तारेचे वेटोळे. त्याचा विरोध ओहममध्ये मोजता येतो. नुसते उघडमीट करणारे सोलेनॉइड बहुधा दहा ते तीस ओहमच्या दरम्यान असतात. दाब कमीजास्त करणारे तीन ते आठच्या आसपास. अचूक आकडा त्या गाडीच्या पुस्तकात पाहावा. मात्र पुस्तकातील आकडा वीस अंश उष्णतेचा असतो. तांब्याचा विरोध दर अंशाला शेकडा ०.३९ याप्रमाणे वाढतो. म्हणजे वीस अंशांवर १२ ओहम दाखविणारे वेटोळे शंभर अंशांच्या तेलात जवळजवळ १५.७ ओहम दाखवील. ते बिघडलेले नाही, तापलेले आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ अंशांवर जातो. तेव्हा नुकत्याच आलेल्या गाडीचे सोलेनॉइड मोजून ते नापास करणारा कारागीर गिऱ्हाइकावर अन्याय करतो. याची दुसरी बाजूही आहे. काही वेटोळी थंड असताना चांगली दिसतात आणि तापताच आतील तार तुटते. ज्या अवस्थेत दोष येतो त्याच अवस्थेत मोजावे, हे सूत्र दोहोंना लागू पडते.

वेगाचे सेन्सर दोन जातींचे. दोन तारांचा सेन्सर लोहचुंबक आणि वेटोळे यांचा बनलेला असतो. दाते समोरून फिरले की तो स्वतःच वीज निर्माण करतो. त्याचा विरोध मोजता येतो. तीन तारांचा बहुधा हॉल जातीचा असतो. त्याला वीज द्यावी लागते आणि तो चौकोनी लहर परत देतो. त्याचा विरोध मोजण्यात काही अर्थ नाही. आधी वीज आणि अर्थ तेथे पोचतात की नाही हे पाहून मग लहर पाहावी.

आता तारांविषयी, कारण माझ्या मते हाच विषयाचा गाभा आहे. मीटर पीं पीं वाजला म्हणजे तार चांगली, अशी समजूत सर्वत्र आहे. ती घातक आहे. तारेत वीस बारीक धागे असतात. उंदराने एकोणीस कुरतडले आणि एकच शिल्लक राहिला, तरी मीटर वाजतोच. कारण मीटर फार थोडा प्रवाह सोडतो. ओढ्यावरच्या पुलाची एकच फळी उरली तरी मांजर पलीकडे जाते. प्रश्न बैलगाडीचा असतो. म्हणून तारेवर ओझे घालून पाहावे. ती तार दोन्ही टोकांना सोडवून घ्यावी, एका टोकाला फ्यूजमार्गे बॅटरीची वीज द्यावी आणि दुसऱ्या टोकाला तारेच्या जाडीला झेपेल असा बल्ब लावावा. पाच वॅटचा बल्ब सुमारे चार दशांश अँपिअर ओढतो, एकवीस वॅटचा पावणेदोन. बल्ब मिणमिणला तर तार आतून खलास झालेली आहे. ही परीक्षा संगणक आणि सेन्सर सोडवूनच करावयाची. जोडलेल्या संगणकाच्या तारेला बल्बचा टेस्ट लॅम्प लावणे म्हणजे गुमास्त्याच्या डोक्यावर हमालाचे पोते देणे होय, तो मोडेल.

उंदरांविषयी आणखी एक शब्द. आपल्याकडे ऊस आणि सोयाबीन यांच्या कापणीनंतर शेतातील उंदीर घराकडे सरकतात, आणि रात्री इंजिनाची ऊब त्यांना प्रिय असते. घरची मंडळी गाडीतच धान्याची पोती आणतात, दाणे सांडतात, आणि मग तारांवर संक्रांत येते. बॉनेट महिन्यातून दोनदा उघडून पाहण्यास कारागिराची आवश्यकता नाही. लेंड्या दिसल्या की समजावे.

दुसरा शत्रू पाणी. काळ्या मातीचा चिखल धुण्यासाठी हल्ली जोराच्या फवाऱ्याने गाडी खालून धुतात. कनेक्टरची रबरी घडी कडक झालेली असली की पाणी आत शिरते आणि पितळी खुंट्यांवर हिरवा थर येतो. तेथे पेट्रोल आणि ब्रश चालवू नये; कॉन्टॅक्ट क्लीनर मिळतो तो वापरावा, आणि पसरलेली खुंटी घट्ट होत नसेल तर बदलावी. गोदावरीच्या पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी चालू करून पाहण्याचा मोह तर सर्वथा टाळावा. आधी बॅटरी सोडवावी.

तिसरा शत्रू तेल, आणि तो फार धूर्त आहे. गिअरबॉक्सच्या आत तेलात बुडालेली वायरिंग असते आणि एका कनेक्टरमधून ती बाहेर येते. तेथील सील गेले की दिव्याची वात जसे तेल वर ओढते तसे तारेच्या धाग्यांतून तेल चढत जाते, आणि काही गाड्यांत ते थेट संगणकापर्यंत पोचते. कनेक्टर उघडून आत तेलकट दिसले तर नुसते पुसून भागत नाही. सील अथवा आतील कनेक्टरच बदलावा लागतो. तेल आणि वीज यांचे वैर मोठ्या कंपन्यांनाही भोवले आहे. २०१३ साली फोक्सवॅगनने सात गतींच्या दुहेरी क्लचच्या सुमारे १६ लाख गाड्या जगभरातून परत बोलाविल्या. कृत्रिम तेलामुळे, विशेषतः उष्ण आणि दमट हवेत, आतील विद्युत्पुरवठ्यात शॉर्ट होण्याचा धोका होता; उपाय म्हणून खनिज तेल घालण्यात आले. यास्तव “कोणतेही चांगले तेल घाला” हा सल्ला मी कधीच देत नाही. पुस्तकात लिहिले असेल तेच.

गाडीतील अनेक संगणक एकमेकांशी दोन पिळलेल्या तारांवरून बोलतात. ही पद्धत बॉश कंपनीने १९८६ साली जगापुढे मांडली, आणि तिला कॅन म्हणतात. या जोडीच्या दोन टोकांना प्रत्येकी १२० ओहमचा विरोध बसविलेला असतो. बॅटरी सोडवून डॅशखालच्या खणातील सहा आणि चौदा क्रमांकाच्या खुंट्यांमध्ये मोजले असता सुमारे ६० ओहम मिळावेत. १२० मिळाले तर एका टोकाकडचा रस्ता तुटला. शून्याजवळ मिळाले तर दोन तारा एकमेकींना चिकटल्या. पहा, इतक्या गहन यंत्राची परीक्षा मॅट्रिकच्या पदार्थविज्ञानावर भागते. या तारा जोडताना त्यांचा पीळ मोडू नये. पीळ बाहेरचा गोंगाट थोपवितो.

दुरुस्ती कशी असावी? तार सोलून, पिळून, वर काळी पट्टी गुंडाळणे ही दुरुस्ती नव्हे. उन्हाने पट्टीचा डिंक वितळतो आणि पहिल्याच पावसात दोष पुन्हा येतो. योग्य मापाची नळी दाबयंत्राने दाबावी, वर आतून डिंक असलेली उष्णतेने आकसणारी नळी चढवावी. आमच्या आजोबांची धावही आकसूनच बसे. तपासण्यासाठी तारेच्या आवरणात टाचणी खुपसू नये. कनेक्टरच्या पाठीमागून बारीक पिन सरकवावी. फ्यूज उडाला तर त्याच मापाचा घालावा आणि तो का उडाला हे शोधावे. तेथे तांब्याची तार बांधणारा मनुष्य आग लावण्याची तयारी करीत असतो. गाडीवर वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरी सोडवावी.

काम संपले म्हणून गाडी लगेच देऊ नये. क्लच किंवा त्याचे विजेचे यंत्र बदलले असेल तर संगणकाला नवी ओळख करून द्यावी लागते. स्कॅनरमध्ये तशी सोय असते. ती न करता दिलेली गाडी धक्के देते आणि गिऱ्हाईक चांगल्या कामालाही बोल लावते. मग नांदेड-लोहा असा फेरा, तेल पुरते तापेपर्यंत, आणि परतल्यावर नोंदी पुन्हा वाचणे.

या विद्येसाठी साधने फार लागत नाहीत. एक चांगला मीटर, टेस्ट लॅम्प, दाबयंत्र, आणि चार कारागिरांनी मिळून घेतलेला एक उत्तम स्कॅनर. हा शेवटचा मुद्दा मी मंडळापुढे लेखी ठेवला आहे. शिष्यवृत्तीच्या निधीतून नांदेड आणि लातूर येथे एकेक स्कॅनर घेऊन तो आपल्या मुलांना आळीपाळीने वापरू द्यावा. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. लातूरला पुरणमल लाहोटी तंत्रनिकेतन आहे. नांदेडच्या विष्णुपुरीला श्री गुरु गोविंदसिंगजींच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९८१ पासून आहे. तेथे शिकणाऱ्या आपल्या मुलींनीही या कामाकडे वळावे. मीटर वाचण्यास मनगटाचा जोर लागत नाही, आणि चिकाटीत त्या मुलांना मागे टाकतात असे मी पाहिले आहे.

व्याख्यानापूर्वी काही चिठ्ठ्या माझ्याकडे आल्या, त्यांपैकी दोहोंची उत्तरे येथेच देतो. एका भगिनीने विचारले आहे की, लग्नाच्या मांडवापुढे गाडी उभी असता दांडा पी या खुणेवरून हलेचना, तेव्हा काय करावे? ब्रेक दाबून कोणाला तरी मागचे लाल दिवे पाहावयास सांगावे. दिवे लागत नसतील तर ब्रेकचा स्विच अथवा त्याचा फ्यूज गेला आहे. पाय ब्रेकवर आहे हे कारभाऱ्याला कळत नाही, म्हणून तो कुलूप काढीत नाही. पुष्कळ गाड्यांत दांड्याशेजारी एक लहान झाकण असते. हातब्रेक ओढून, झाकण काढून, आतील खटका दाबला की दांडा सुटतो. तेवढ्याने गाडी बाजूला घेता येते. मात्र मागचे दिवे नसताना रस्त्यावर नेऊ नये, फ्यूज आधी घालावा.

दुसरी चिठ्ठी आहे ओढून नेण्याविषयी. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत तेलाचा पंप इंजिनावर फिरतो. इंजिन बंद असता चाके रस्त्यावर फिरवीत गाडी दूर ओढली तर आतील भागांना तेल मिळत नाही, आणि पाचशे रुपयांचा विजेचा दोष खरोखरीच लाखाचा होऊन बसतो. अशी गाडी दोरीने बांधून ट्रॅक्टरमागे आणू नये. पुढची चाके ओढणारी असतील तर ती उचलून, अथवा सबंध गाडी सपाट ट्रकवर चढवूनच आणावी. आणि ट्रकवाल्याला फोन करण्यापूर्वी बॅटरीच्या दोन्ही खुंट्या हाताने हलवून सैल आहेत काय ते पाहावे.